देवोग्नात बुवाचं अभेद्य पोट

विंदोने दोन्ही हातांनी तलवार ओढली, आणि देवोग्नात बुवाच्या उघड्या पोटावर एका लाल रेघेपलीकडे काही उमटलं नाही. रक्ताचा थेंबसुद्धा नाही. झऱ्याभोवती जमलेलं आमचं सगळं गाव गुडघ्यांवर आलं. बायकांनी लेकरांची डोकी जमिनीला टेकवली. दोन म्हाताऱ्यांना रडू कोसळलं.

विंदो माझा मेहुणा. बैल बसला तर स्वतः जू खांद्यावर घेणारा गडी. त्याच्या ताकदीबद्दल कुणाला शंका नव्हती. शंका उरली ती तलवारीबद्दल, आणि ती तलवार मी घडवलेली होती.

“सात्तो,” आमचा नायक लुगुमार सगळ्यांदेखत मला म्हणाला, “ही तलवार आहे की लोणी पसरायची पट्टी?”

गाव हसलं. माझी बायको बानोनाही हसली. ती हसली नसती, तर मी बहुधा गप्प घरी गेलो असतो.

नदीपलीकडे रोमनांची छावणी पडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचं म्हणणं, ही जमीन आता त्यांची. आम्ही तोंडावर कधी नाही म्हटलं नाही. त्यांनी रस्त्यासाठी खुंट्या ठोकल्या, की त्यांची पाठ वळताच आम्ही त्या उपटून दलदलीच्या दिशेने ठोकायचो. एकदा वीस दिवस खपून त्यांचा तो सरळसोट रस्ता बेडकांच्या डबक्यात जाऊन थांबला. आम्ही त्यांना घोडे विकायचो, आणि विंदोची शीळ ऐकली की ते घोडे खोगिरासकट घरी परत यायचे. एक तांबूस घोडी तर आम्ही त्यांना तीनदा विकली, तिसऱ्या वेळी कपाळावर पांढरा ठिपका रंगवून.

पण त्या उन्हाळ्यात हसणं संपलं. त्यांचा अधिकारी स्वतः आला आणि सांगून गेला, की अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी ऐंशी शिपाई येतील आणि कोठारांतलं सगळं धान्य नेतील. सगळं म्हणजे बियाणंसुद्धा. त्याच आठवड्यात गाढवावर बसून देवोग्नात आला.

उंच माणूस, जाड सोनेरी मिशा, आणि आवाज असा की नुसतं मीठ मागितलं तरी स्तोत्र वाटावं. “मी कोण?” तो म्हणायचा. “मी कोणीच नाही. मी झऱ्याच्या सिरोनामातेच्या हातातली पळी. पळीला चव कळत नाही, पळी फक्त वाढते.” ही पळी दिवसातून चार वेळा जेवायची.

मातेने म्हणे त्याला एक लेप सांगितला होता. डुकराची चरबी, निळीचा पाला, राख आणि झऱ्याचं पाणी. तो अंगाला लावला की लोखंड शिवत नाही. लेप ढवळायला पवित्र हात हवे होते, आणि सगळ्या गावातून बुवाने बानोनाचे हात निवडले. तिच्या हातचं धुरावलेलं मांस पंचक्रोशीत नावाजलेलं होतं, हा निव्वळ योगायोग.

मी खरं सांगतो, मी जळलो. ऐरणीवर घण मारताना मला तिचं गुणगुणणं ऐकू यायचं, आणि ते गाणं पंधरा वर्षांत मी ऐकलेलं नव्हतं. सणासुदीला काढायची हिरवी शाल ती आता रोज पांघरायला लागली. हाडालगतचा तुकडा माझ्या पानात पडायचा, तो आता बुवाच्या पानात पडू लागला. बुवा तिला म्हणाला होता, तुझ्या बोटांत देवी आहे. मी तिला इतक्या वर्षांत एवढंच म्हटलं होतं, की मीठ बरोबर झालंय.

सभेत मी उठून बोललो, की हा माणूस लबाड आहे. कशावरून, असं लुगुमारने विचारलं तेव्हा मी नुसता लाल झालो. “ही ठिणगी भट्टीतून उडाली की चुलीतून?” असं लुगुमारने विचारलं आणि पुन्हा हशा झाला.

घरी बानोनाने मला समोर बसवलं. “खरं सांगा,” ती म्हणाली. “तो टकला असता, बोळका असता, तर तुम्हाला संशय आला असता का?”

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. आला नसता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग बुवाने शेवटची आज्ञा सांगितली. अंगाला लेप आणि हातात ढाल, हे मातेला चालणार नाही. ढाल म्हणजे मातेवर अविश्वास. अमावास्येच्या दुसऱ्या सकाळी सगळ्या ढाली आणि तलवारी झऱ्याच्या कुंडात अर्पण करायच्या, आणि उघड्या अंगाने पुलावर उभं राहायचं. रोमनांचे भाले लागून वाकतील. लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यात पुढे उभं राहायचा मान विंदोने मागून घेतला.

अमावास्येच्या दुपारी बुवाने पुन्हा एकदा पोटाचा चमत्कार दाखवला. या वेळी मी अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. मत्सरी माणसासारखं निरखून कुणी बघत नाही. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मी त्याच्या हातांकडे बघत होतो, कारण त्याच हातांनी बानोनाचं मनगट धरून तिला कढई कशी ढवळायची ते शिकवलं होतं.

त्याने माझीच दुसरी तलवार घेतली. डोळे मिटून पुटपुटला. मग झऱ्याकाठच्या देवीच्या दगडाला तलवारीने नमस्कार केला, तीनदा. मी आजवर तो नमस्कार पाहून न पाहिल्यासारखा केला होता. आता दिसलं, की तो पातं सपाट टेकवत नव्हता. धारेच्या अंगाने खरबरीत दगडावर दाबून, मुठीपासून टोकापर्यंत ओढत होता. मग त्याने पातं पोटावर ठेवलं, वरून स्वतःचा तळवा घट्ट दाबला आणि विंदोला म्हणाला, ओढ.

संपल्यावर मी तलवार मागून घेतली आणि धारेवरून अंगठा फिरवला. धार मेली होती. कडेचं लोखंड गोल झालं होतं. तिने गवतही कापलं नसतं. मी आयुष्यभर धार लावत आलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस ती पुसत होता, तरी आठ दिवस मला कळलं नव्हतं. मी त्याच्या मिशा बघत बसलो होतो.

मी ती तलवार बानोनाच्या पुढे ठेवली आणि दगडाचं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने धारेवरून अंगठा फिरवला, मग डाव्या हाताची चिंधी सोडली. करंगळीवर ताजा काप होता.

“काल सकाळी मांस कापताना लागलं,” ती हळू आवाजात म्हणाली. “कोपरापर्यंत लेप होता माझ्या हाताला. मला वाटलं, माझीच श्रद्धा कमी पडली. लाज वाटली म्हणून कुणाला बोलले नाही.” मग चिंधी पुन्हा बांधत म्हणाली, “उद्या तुम्ही आधी तोंड उघडायचं नाही. तुम्ही बोललात की लोकांना तुमचा जळफळाटच ऐकू येतो.”

सकाळी कुंडाकाठी ढालींचा ढीग लागला होता. पुरुष निळे होऊन उभे होते, थंडीने कुडकुडत. बुवाने हात वर केले तेवढ्यात बानोना पुढे आली. तिने कमरेची सुरी काढली आणि साधेपणाने विचारलं, की ढाली बुडवण्याआधी महाराजांनी या सुरीला एकदा आपल्या पोटाचं दर्शन द्यावं. याच सुरीने तिने त्यांच्यासाठी रोज मांस कापलं होतं. फक्त दगडाला नमस्कार नको, तेवढी सूट मातेने द्यावी.

बुवा हसला. म्हणाला, बायकांची सुरी अपवित्र. मग म्हणाला, चंद्र बदलला आहे. मग त्याने आवाज चढवला, की परीक्षा घेणाऱ्याच्या घरावर माता कोपते. काही लोक दोन पावलं मागे सरले.

विंदोला मात्र यात काही वावगं वाटलं नाही. त्याचा विश्वास इतका होता, की त्याने सरळ हात पुढे केला. “ताई, माझ्यावर चालव. तीन दिवस लेप लावून आहे मी. सगळ्यांची खात्री होऊ दे.”

बानोनाने त्याच्या दंडावर बोटभर रेघ ओढली. निळ्यातून लाल रक्त आलं आणि कोपरावरून ठिबकायला लागलं. विंदो त्याकडे असा बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. मग त्याने बुवाकडे पाहिलं.

“तुझ्या मनात शंका होती,” बुवा म्हणाला.

“नव्हती,” विंदो म्हणाला.

“होती. म्हणून रक्त आलं.”

“महाराज, नव्हती हो.” विंदोने रक्ताळलेला हात त्याच्यासमोर धरला. “सगळ्या गावात कुणाच्या मनात नसेल, तर ती माझ्या. तुम्ही मला खोटं पाडू नका.”

गाव विंदोला ओळखत होतं. त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर घोडे विकताना आम्ही त्याला लांब उभं करायचो. पहिल्यांदाच माणसं बुवाच्या तोंडाकडे न बघता एकमेकांकडे बघू लागली.

मग मी सदरा काढला. लेप लावला नाही. माझी तलवार घेऊन एक काठी सपकन तोडून दाखवली. तीच तलवार दगडावर तीनदा ओढली, पोटावर ठेवली, तळव्याने दाबली आणि विंदोला म्हटलं, ओढ. त्याने ओढली, आणि चांगली रागाने ओढली. लाल रेघ उमटली. रक्त नाही.

मला वाटलं होतं, आता सगळे बुवावर धावतील. झालं वेगळंच. मातुआ आजी, गावातली सगळ्यात म्हातारी, लटपटत पुढे आली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, की माता लोहाराच्या अंगात आली. तिच्यामागे आणखी दोघी वाकल्या. लुगुमारनेही मान खाली घातली.

मी लपवत नाही, मला ते गोड लागलं. आठ दिवस ज्याच्यावर जळत होतो ते सगळं माझ्या पायांशी आलं होतं. नुसतं डोळे मिटून काही पुटपुटलो असतो तर हाडालगतचा तुकडा जन्मभर माझा होता. मी बानोनाकडे पाहिलं. ती बघत होती, मी काय करतो ते.

मी आजीला उठवलं, बोथट तलवार तिच्या सुरकुतलेल्या हातावर ठेवली आणि तिलाच ओढायला लावली. काही झालं नाही. “आता तुझ्या अंगात कोण आलं, आजी?” मी विचारलं. तिने धारेला बोट लावून पाहिलं, दगडाला हात लावून पाहिला, आणि मग तिला हसू फुटलं. त्यानंतर रांगच लागली. पोरांपासून नायकापर्यंत प्रत्येकाने आपापल्या पोटावर चमत्कार करून घेतला.

लुगुमार बुवाला कुंडात बुडवायला निघाला होता, बानोनाने सोडायला लावलं. जाताना मी बुवाला विचारलं, तू पुलावर उभा राहिला असतास का? तो म्हणाला, तोवर मी पुढच्या गावात पोचलो असतो. सगळ्या मुक्कामात तो एवढं एकच खरं बोलला.

त्याच दुपारी रोमन आले. आम्ही ढाली घेऊन पूल अडवला, धान्याच्या गाड्या रानात शिरेपर्यंत. मग पुलाच्या मधल्या फळ्या काढून आम्हीही पळालो. शिपाई पोहून आले तेव्हा कोठारांत भुसा होता. आमचे दोघे गेले. विंदोच्या ढालीत दोन भाले अडकले होते. ती ढाल नसती तर ते कुठे शिरले असते, हे त्याने कुणाला विचारलं नाही.

लोक आजही मला म्हणतात, तू तर जळत होतास, तुझं काय कौतुक? बरोबर आहे. माझा हेतू चांगला नव्हता. पण दगड खरबरीत होता आणि धार गेलेली होती, आणि या दोन गोष्टींना माझ्या हेतूशी काही देणंघेणं नव्हतं. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर विचारणारा कोण आहे ते बघत बसू नका. वस्तू हातात मागा. धारेला बोट लावून बघा. आणि विचारलं म्हणून देव कोपेल असं जो सांगेल, त्याच्या शब्दावर स्वतःची ढाल खाली ठेवू नका.