यादीत एक नंबर नाही

पाणीपुरवठा खात्याच्या निवास शाखेत मी हेडक्लार्क आहे, आणि खात्यात मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे 'फॉर्म्युला' म्हणतात. सुरुवात थट्टेत झाली असेल, पण मला ते मनातून आवडतं. कर्मचारी वसाहतीत घर मिळावं म्हणून तीनशे बारा जणांनी अर्ज केलेत, आणि त्यांच्यात कुणाचा नंबर कितवा हे सांगणारी, आडनावांच्या क्रमाने लावलेली यादी माझ्या कॉम्प्युटरवर आहे. माझ्याआधीचे हेडक्लार्क प्रत्येकाचा नंबर हाताने टाइप करायचे. एक घर वाटलं की तीनशे नंबर पुन्हा टाइप. त्यात चार दिवस जायचे आणि पाचव्या दिवशी चुका निघायच्या. मी आलो आणि एका दुपारी सगळं फॉर्म्युल्यावर आणलं.

फॉर्म्युला साधा होता. या माणसाच्या आधी अर्ज केलेले आणि अजून घर न मिळालेले किती, ते मोज. त्यात एक मिळव. तो त्याचा नंबर. पहिल्या ओळीत एकदा लिहायचा, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर डबल क्लिक करायचं, की तो सरसर खाली तीनशे ओळी उतरतो. फक्त जो रकाना मोजायचा त्याला डॉलरचं चिन्ह लावून कुलूप घालावं लागतं. नाहीतर फॉर्म्युला एकेक ओळ खाली जाताना मोजायची जागाही एकेक ओळ खाली सरकवत नेतो, आणि शेवटच्या माणसाच्या पुढे कुणीच उरत नाही. हे मी सगळ्या खात्याला शिकवलं. कुणी विचारलं नसलं तरी शिकवलं.

आता अडचण एवढीच होती, की यादीत माझंही नाव होतं.

आम्ही दादाच्या घरी मागच्या खोलीत राहतो. मी, बायको आणि लेक. स्वयंपाकघर वहिनींचं. म्हणजे वहिनी काही बोलत नाहीत, उलट फार गोड बोलतात, पण त्यांचा स्वयंपाक उरकून ओटा पुसून झाला की मग आमच्या हिचा नंबर लागतो. ही कपडे शिवते. शिलाई मशीन उघडं असलं की पलंग उघडत नाही, आणि पलंग उघडला की लेकीने पुस्तक घेऊन जिन्यात बसायचं. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यातली शेवटची नऊ मी अर्ज केल्यानंतरची. हिला या जगात दुसरं काही नको होतं. दोन खोल्या आणि स्वतःचा ओटा, बस.

ज्याच्या हातात यादी त्याचंच नाव यादीत, म्हणजे लोक बोलणार. ते बोलायच्या आत मीच साहेबांकडे टिपण घेऊन गेलो. त्यात लिहिलं, की माझा स्वतःचा नंबर मी काढणार नाही. तो साहेबांनी त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवावा, आणि माझ्या ओळीत तो तिथून लिंकने यावा. साहेब इतके खूश झाले, की त्यांनी ते टिपण सगळ्या शाखांत फिरवलं. त्यांनी त्या दिवशी नंबर काढला, तेवीस. माझ्या ओळीत तेवीस आलं. ती ओळ मी करड्या रंगाने रंगवली, आणि त्यानंतर फॉर्म्युला उतरवताना मी डबल क्लिक कधीच केलं नाही. माझ्या ओळीच्या वरपर्यंत एकदा ओढायचा, ती ओळ सोडायची, आणि खालून पुन्हा ओढायचा. करड्या रंगाकडे नजर गेलीच तरी मी ती वळवत असे. सकाळी फाईल उघडली की कॉम्प्युटर विचारायचा, लिंकमधली माहिती अपडेट करू का. मी 'नको' दाबायचो. माझ्या नंबरासाठी मी बोट उचललं असं कुणी म्हणायला नको.

इतका प्रामाणिक माणूस खात्यात दुसरा नव्हता. हे माझं मत आहे, आणि तेव्हा ते फारच पक्कं होतं.

साहेब बदलले. दुसरे आले, तिसरे आले, आता पाचवे आहेत. मधल्या काळात यादीत एक गंमत झाली होती. सहा वर्षांपासून यादीत एक नंबर कुणाचाच नव्हता. यादी दोनपासून सुरू व्हायची. घर रिकामं झालं की मी टिपणात लिहायचो, 'क्रमांक एक रिक्त असल्याने क्रमांक दोन यांस वाटप प्रस्तावित', आणि साहेब सही करायचे. खात्यात सर्वांना ठाऊक होतं की एक नंबर वरच्यांसाठी राखीव असतो. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नव्या लोकांना तेच सांगायचो, आणि तेही आवाज जरा खाली आणून.

माझी मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा तिच्या जागी स्टोअरच्या बाई तीन महिन्यांसाठी आल्या. पन्नाशीच्या, एकट्या, कधी एका बहिणीच्या, कधी दुसऱ्या बहिणीच्या घरी राहून कंटाळलेल्या. आयुष्यभर व्हॉल्व्ह आणि पाइपांचे तुकडे मोजलेल्या. त्यांचा स्वतःचा नंबर दोन होता, आणि वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरचं एक घर नुकतंच रिकामं झालं होतं. मी त्यांना फॉर्म्युला शिकवला, कुलूप शिकवलं, डबल क्लिक शिकवलं, आणि करडी ओळ सोडायची हेही शिकवलं.

"ती का सोडायची?" त्यांनी विचारलं.

"ती माझी आहे."

"बरं. आणि एक नंबर कुठे गेला?"

"तो राखीव असतो."

"कुणासाठी?"

"बाई, काही गोष्टी वरून आलेल्या असतात."

त्या पुन्हा यादीकडे वळल्या. पण स्टोअरमधल्या माणसाला एक नग कमी असला की झोप लागत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चहा पिऊन आलो तर बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. स्क्रीनवर यादी होती. त्यांनी डबल क्लिक केलं होतं. फॉर्म्युला वरून खालपर्यंत एका दमात उतरला होता, माझ्या ओळीतूनसुद्धा. लिंक पुसली गेली होती.

मी भडकलो. "काय केलंत हे? नऊ वर्षं मी त्या ओळीला हात लावला नाही! तुम्हाला कालच सांगितलं होतं!"

"हो, सांगितलं होतंत," बाई म्हणाल्या. "ओरडा नंतर. आधी बघा."

मी बघितलं. करड्या ओळीत, जिथे नऊ वर्षं तेवीस होतं, तिथे एक होता.

मला आधी काहीच कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं. माझ्या आधी अर्ज केलेल्या बावीस जणांना घरं मिळून सहा वर्षं झाली होती. माझ्यामागच्या एकोणचाळीस जणांनाही मिळाली होती. त्या प्रत्येकाच्या टिपणावर मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, की क्रमांक एक रिक्त आहे.

"मोजणी बरोबर असेल तर एक नंबर कुणीतरी असणारच ना," बाई म्हणाल्या. "काल घरी जाताना डोक्यात आलं. सोडलेली ओळ एकच आहे."

"पण मग हे घर तुमचं नाही. माझं आहे."

"तेच तर सांगतेय."

खरं सांगतो, त्या क्षणी मला ते घर फार हवंहवंसं वाटलं. ते घर मी मागच्याच आठवड्यात पाहून आलो होतो. ओट्यावर खिडकी होती, आणि पलीकडच्या खोलीत लेकीचं टेबल, हिचं मशीन आणि पलंग तिन्ही एका वेळी मावले असते. माझा हात माउसवर होता. फक्त सेव्ह करायचं होतं. आणि मी काय केलं, तर 'अनडू' दाबलं. एकचा पुन्हा तेवीस झाला.

"माझा नंबर साहेबांच्या फाईलमधून यायला हवा," मी म्हणालो. "तसं लेखी आहे."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या गंजलेल्या व्हॉल्व्हकडे पाहत असतील.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. पाचवे साहेब सज्जन आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ती फाईल आहे कुठे?"

फाईल पहिल्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर आठ वर्षांपूर्वी भंगारात गेला होता. भंगाराच्या यादीवर सही माझीच.

"मग तुम्हीच करून टाका ना दुरुस्ती," साहेब म्हणाले. "मी सही करतो."

कुठलाही शहाणा माणूस साहेबांचे पाय धरून मोकळा झाला असता. मी म्हणालो, "मी कशी करणार साहेब? मीच लाभार्थी आहे. समिती नेमायला हवी."

साहेबांना समिती नेमायला आवडतं. त्यांनी लगेच तिघांची नेमली, दोन महिन्यांची मुदत दिली. पण रिकामं घर पंधरा दिवसांहून जास्त ठेवता येत नाही, असा नियम आहे. मीच लिहिलेला. तेव्हा मी जागेवर परत आलो आणि टिपण लिहिलं, 'क्रमांक एक रिक्त असल्याने.' किल्ली बाईंच्या हातात मीच दिली. त्यांनी ती घेतली, पण "धन्यवाद" म्हणाल्या नाहीत.

घरी जाताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. तो साधारण अर्ध्या रस्त्यापर्यंत टिकला. दारात वहिनींचा कुकर वाजत होता, लेक जिन्यात बसली होती, तिने मला जायला वाट म्हणून पाय जवळ घेतले. मी हिला काही सांगितलं नाही. समितीचा निकाल लागला की सांगू, असं ठरवलं. उगाच आशा कशाला लावायची. खरं कारण हे नव्हतं. मला तिची भीती वाटली.

रविवारी दुपारी स्टोअरच्या बाई दारात उभ्या. "ताई आहेत का?" त्यांनी मला ओलांडून विचारलं, आणि मागच्या खोलीत जाऊन, मशीनशेजारच्या एकमेव मोकळ्या जागेत बसून, हिला सगळं सांगितलं. फॉर्म्युला, करडी ओळ, अनडू, समिती. एक शब्द वाढवून नाही, एक कमी नाही.

हिने मशीन थांबवलं नाही. शिवण संपेपर्यंत पायाची लय तशीच होती. मग दोरा तोडला आणि मला विचारलं, "म्हणजे सहा वर्षांपूर्वीच?"

"तांत्रिकदृष्ट्या हो."

"तेव्हा ही चौथीत होती," ती म्हणाली. मी लेकीकडे बघायचं टाळलं. "मी दरवर्षी विचारत होते तुम्हाला. तुम्ही म्हणायचात, यादी यादीच्या गतीने जाते."

"अगं, लोकांनी बोट दाखवलं असतं."

"कुणाला? मला तर कुणी काही म्हणालं नसतं. मी ओटा पुसत बसले असते माझा." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "अहो, प्रामाणिक तुम्ही होतात, आणि जागा माझी गेली."

मी समितीबद्दल बोलायला लागलो. दोघींपैकी कुणी ऐकलं नाही. बाई हिला म्हणाल्या, "ताई, मला एकटीला एक खोली पुष्कळ झाली. दुसरी रिकामीच राहणार. विचार करा." आणि पाणी पिऊन गेल्या.

सोमवारी बारा वाजता माझ्या टेबलावर अर्ज आला. वसाहतीत घर मिळालेल्या कर्मचाऱ्याला सोबत दुसरं कुणी ठेवायचं असेल तर त्यासाठी एक छापील अर्ज असतो. त्याला निवास शाखेची, म्हणजे माझी, मंजुरी लागते. बाईंनी तो भरला होता. सोबत राहणाऱ्या व्यक्ती दोन. पहिलं नाव माझ्या बायकोचं, दुसरं लेकीचं. दोन्ही ठिकाणी ओळखपत्रं जोडलेली, कागद बिनचूक. अर्जाचा खालचा भाग सोबत राहणाऱ्या व्यक्तीने स्वतः भरायचा असतो. ते अक्षर हिचं होतं.

मी टेबलापलीकडे पाहिलं. बाई यादीत मान घालून बसल्या होत्या.

"बाई, यात माझ्या घरच्यांची नावं आहेत," मी म्हणालो. "हा साहेबांकडे पाठवायला हवा."

"पाठवा की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "साहेब समितीकडे देतील."

मी अर्ज पुन्हा वाचला. शेवटून दुसरा रकाना होता, 'सध्याची जागा अपुरी पडण्याचं कारण'. लोक तिथे काय काय लिहितात, पानंच्या पानं जोडतात. हिने एकच ओळ लिहिली होती: 'पती निवास शाखेत हेडक्लार्क आहेत.'

मग मी पेन उघडलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरच्या कागदावर स्वतः शेरा लिहिला. 'कारण तपासले. योग्य आढळल्याने मंजूर.' खाली सही केली, तारीख घातली.