पुलावरचं अस्वल

मी गेम बनवते असं सांगितलं, की आदिलाबादेतल्या आमच्या नातेवाइकांना वाटतं मी दिवसभर खेळत बसते. काम तसं साधं आहे. हैदराबादच्या एका कंपनीसाठी घरी बसून मी ठरवते, कुठला शत्रू किती जोरात मारेल. आमच्या गेममधला प्रवासी गावोगाव फिरतो, लढतो, ताकद कमावतो. मग पुढची लढाई किती कठीण हवी, यावरून मीटिंगमध्ये मी सगळ्यांशी भांडते. जे शिकवलंच नाही ते विचारायचं नाही. आणि शिकवलेलं आल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. हा नियम बाबांचा, मी फक्त त्याचा पगार घेते.

बाबा म्हणजे चंपत मास्तर. गुडीहत्नूरजवळच्या मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं आणि एकाही पोराला फुकटचा मार्क दिला नाही. मलाही सहामाहीत नापास केलं होतं. मी दोन दिवस जेवले नाही, तरी त्यांनी पेपर परत तपासला नाही.

गेल्या वर्षी ते विसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, रोज काहीतरी नवं शिकवून बघा, किती लक्षात राहतं ते कळेल. मी ते बोलणं धरूनच बसले. शिकता येतंय, तोवर बाबा आहेत, असं माझं मीच ठरवून टाकलं आणि त्यांच्या हातात फोन देऊन त्यावर माझाच गेम लावून दिला.

पहिल्याच पुलावर अस्वल आहे. ते दोन पायांवर उभं राहिलं की बाजूला सरकायचं आणि मग मारायचं, बस. बाबा सरकले नाहीत, मेले. दुसऱ्या दिवशीही मेले. मी अस्वलाचा जोर अर्धा केला, पुढच्या आठवड्यात पाव केला. शेवटी ते नुसतंच उभं राहायचं आणि एका फटक्यात पडायचं. बाबा जिंकले, तेव्हा मी पेढे आणले. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

रविवारी दुपारी त्यांनी फोन खाली ठेवला.

"वृषाली, हे अस्वल मारत काऊन नाही?"

"तुमी चांगले खेळून राह्यले, बाबा."

"खोटं नको बोलू. मी काईच केलं नाही, अन् तू मले पास करून राह्यली."

मला इतका आनंद झाला, की मूर्खासारखी हसत सुटले. चोरी पकडली म्हणजे मास्तर अजून जागेवर होते. मी अस्वलाला त्याचा मूळ जोर परत दिला आणि बाबांना समजावलं, "उभं राह्यलं की सरका."

ते मेले. म्हणाले, "पहिली बारी हाये. बसंल हात."

दुसऱ्यांदा मेले. "पहिली बारी हाये."

पाचव्यांदा मी विचारलं, "मांगच्या बारीले कसे मेले, आठवते का?"

"मांगच्या?" ते माझ्याकडे बघत राहिले. "आताच तर बसलो मी."

ते खोटं बोलत नव्हते. प्रत्येक डावाला ते तितक्याच हौसेनं सरसावून बसत होते. हौस जराही कमी होत नव्हती, तेच बघवत नव्हतं. सोपं दिलं तर त्यांना अपमान कळत होता आणि कठीण दिलं तर धडा लक्षात राहत नव्हता. या दोहोंच्या मध्ये काहीतरी असतंच, ते शोधायचा मी पगार घेते. बाबांसाठी ते कुठेच नव्हतं. मी आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

परत आले तेव्हा पडद्यावर अकरावं मरण होतं. बाबा चष्मा पुसत होते.

"पुलाच्या पलीकडं काय हाये?"

पलीकडे मी दोन वर्षं खपून उभी केलेली नऊ गावं होती, बाजार होता, जंगल होतं. निदान ऐकून तरी घेतील, म्हणून मी सांगायला तोंड उघडलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "सांगू नको. पोचलो की पाहीनच मी."

मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून लावून दिलं.