दोरा नावाला ओ

दादाची स्वरपेटी काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता मशीन बोलेल. त्याने टाइप करायचं, मशीनने म्हणायचं. मशीन बोललं, पण जोडाक्षर आलं की त त प प. 'शब्द'चं 'श ब द', 'प्रश्न'चं 'प र श न'. दादा शाळेत भाषा शिकवतो. त्याला परत वर्गावर घ्यायचं की नाही, हे मुख्याध्यापकबाई त्याचा एक तास मागे बसून पाहणार आणि मगच ठरवणार होत्या.

माझं पोट प्रोग्रामिंगवर चालतं, म्हणून मीच त्यात डोकं घातलं. बोलणारा प्रोग्राम चांगला होता. खोट होती तो ज्या संगणकभाषेत लिहिलाय, तिच्यात. तिचं नाव दोरा. दोरा सगळ्यांना खुली: कोणीही उघडा, बदला, वाटा. मी अकरा ओळी बदलल्या. वहिनी कांदा चिरत होती. "डोळ्यांना त्रास होतोय का?" असं मशीनने तिला एकही अक्षर न तोडता विचारलं. कांदाच आहे, म्हणाली आणि मनसोक्त रडून घेतलं. मशीन आवाज गेलेल्यांसाठीच्या वाचा केंद्राच्या मालकीचं. तिथल्या बाईंनी माझी दोरा तपासली आणि आणखी सतरा जणांच्या मशीनवर चढवली.

त्या ओळी मी दोरा सांभाळणाऱ्या संस्थेलाही पाठवल्या होत्या. उत्तर आलं ते वकिलाचं. मजकूर साखरेत घोळलेला. कोड तुमचाच समजा, पण 'दोरा' हा आमचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, बदललेल्या भाषेला ते नाव लावता येणार नाही. पत्रात 'स्वातंत्र्य' हा शब्द चारदा होता. त्यांच्या दोराला तो एकदाही धड म्हणता आला नसता.

चिडले, पण म्हटलं, नावासाठी कशाला अडून बसा. मी माझ्या भाषेचं नाव सुतळी ठेवलं. दादा पोट धरून हसला. त्याचं ते बिनआवाजाचं हसणं मला अजून बघवत नाही.

सुतळी घातली आणि मशीन मुकं झालं. बोलणारा प्रोग्राम सुरू होताच 'दोरा' अशी हाक मारतो, कोणी ओ दिली नाही की बंद पडतो. त्याच्या हाताखालचे शेकडो छोटे प्रोग्रामही तसेच. मग मी सुतळीला शिकवलं, 'दोरा' म्हणून हाक आली तरी ओ दे. मशीन पुन्हा बोलू लागलं. आठवड्यात दुसरं पत्र आलं: त्या नावाला ओ देणं हाही नावाचाच वापर आहे. या वेळी एक प्रत वाचा केंद्रालाही होती.

केंद्रातल्या बाई वाईट नाहीत, घाबरट आहेत. त्यांनी अठराही मशीनवर मूळची दोरा परत चढवली. मी एकेक हाक बदलून देते, महिनाभर द्या, असं मी विनवलं. दादाचा तास गुरुवारी आहे हेही सांगितलं. त्यांनी मंजूर भाषांची यादी पुढे सरकवली.

"यात सुतळी कुठे आहे, दाखवा," त्या म्हणाल्या. "मला ओळखीचं नाव लागतं. खुली म्हणजे काय, ते मला नका समजावू."

गुरुवारी मी वर्गाबाहेर उभी होते. दादाने फळ्यावर 'प्रश्न' लिहिलं, मशीन म्हणालं, "प र श न." पोरं शहाणी, आधी हसली नाहीत. तिसऱ्या शब्दाला एकाला आवरलं नाही, मग कोणालाच नाही. मुख्याध्यापकबाईंनी दादाला ग्रंथालयाचं काम दिलं. तिथे बोलावं लागत नाही, असं त्या फार मायेने म्हणाल्या.

घरी येऊन मी संस्थेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भांडते, कोर्टात जाते, असलं बरंच बरळले. दादाने मशीन जवळ ओढलं. एरवी त्याची बोटं भराभर चालतात. आज तो लिहायचा, खोडायचा, थांबायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी मशीन बोललं, अगदी स्वच्छ.

"राहू दे. आता मी असाच बोलेन. कमी, साधं."

आवाज सुधारला म्हणून वहिनीला आनंद झाला. मी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. त्यात एकही जोडाक्षर नव्हतं. वीस वर्षं भाषा शिकवलेला माणूस इतका वेळ तेवढंच शोधत बसला होता.