दोन तासांनंतर

घड्याळजींनी बायकोचं बोट चिमटीत धरलं आणि सुई टोचली.

"आई गं! प्रयोग तुमचा नि रक्त माझं," ती म्हणाली.

"तुलनेला निरोगी माणूस नको का?"

साठी ओलांडल्यावर रक्तात साखर निघाली, तेव्हा घड्याळजींनी घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची वेळ निम्मी केली आणि उरलेल्या वेळात स्वतःलाच उघडून बघायला घेतलं. डॉक्टरांचा पथ्याचा कागद त्यांनी नुसता पाळला नाही, तपासला. पांढऱ्या भातानंतर दोन तासांनी साखर किती, बिनपॉलिशच्या भातानंतर किती? बटाट्याबरोबर वाटीभर डाळ घेतली तर? तपकिरी ब्रेडच्या वेष्टनावर भिंग धरल्यावर कळलं, की आत बहुतेक मैदाच आहे, रंग तेवढा वरून दिलेला. मग बेकरीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालून त्यांनी सबंध गव्हाचा, विटेसारखा जड ब्रेड मिळवला. तीन महिन्यांत आकडे उतरले आणि घड्याळजींना हुरूप चढला.

आज दोघांनी मुद्दाम सारखाच नाश्ता केला होता. त्या जड ब्रेडचे दोन-दोन काप आणि एकेक अंडं. दोन तासांनी त्यांचा आकडा आला एकशे बेचाळीस.

तिचा आला दोनशे छत्तीस.

"हात धुतले होतेस?"

"आत्ताच संत्रं सोललं."

"मग रस लागला असेल बोटाला. साबणाने धुऊन ये."

नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. केसाएवढा स्क्रू सहज उचलणाऱ्या त्यांच्या बोटांतून साखर मोजायच्या यंत्राची नवी पट्टी दोनदा निसटली. दुसऱ्या बोटाचा आकडा आला दोनशे एकतीस.

"यंत्र बिघडलंय तुमचं."

त्यांनाही तेच म्हणायचं होतं. त्यांनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"यंत्र ठीक आहे. तू खातेस काय हल्ली?"

"तुमच्या प्रयोगातलं उरलेलं. तुम्ही दोन काप खाऊन मोकळे होता, बाकीचा मैद्याचा पाव कोण संपवणार? पांढरा भात, बिस्किटं... तुमच्यासमोर नको, म्हणून ओट्यापाशी उभ्यानेच खाते. टाकवत नाही हो." तिने पेल्यात पाणी ओतून घेतलं. "तहान फार लागते. मला वाटलं, उन्हामुळे."

घड्याळजी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ. दोघंही."

"बरं."

"तो पाव आवडतो तुला?"

"त्यात आवडण्यासारखं काय आहे?"

"मग तुला आवडतं काय?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत 'आज काय करू?' हे तिनेच विचारलं होतं. टोचलेलं बोट अंगठ्याने दाबत ती विचारात पडली. त्यांनी तिला घाई केली नाही.

"हरभरे," ती शेवटी म्हणाली. "उकडलेले, वर भरपूर लिंबू. पण तुमच्या पोटाला सोसत नाहीत, म्हणून कधी केले नाहीत."

घड्याळजी उठले. त्यांनी एक फळी पाहिली, दुसरी पाहिली.

"ठेवतेस कुठे?"

"घरात नाहीतच."

त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, चपला पायांत सरकवल्या आणि दारातून वळून विचारलं, "भिजवायचे किती वेळ?"

"थांबा," ती पदराला हात पुसत म्हणाली, "तुम्हाला कोणीही किडके देईल. मीही येते."