स्टिअरिंगमागची डावी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. लांबीला तळहाताएवढी, रुंदीला दोन बोटं. मला पॅडल म्हणतात. गाडीच्या स्टिअरिंगमागे डावीकडे माझी जागा आहे. चालवणाऱ्याने बोटाने मला ओढलं की गिअर उतरतो. उजवीकडची माझी बहीण ओढली की चढतो. बोट सुटताच स्प्रिंग मला मागे फेकते आणि मी पुन्हा वाट पाहू लागते. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही.

माझी मालकीण रुचिता रायपूरला राहते आणि शहराजवळच्या सिलतऱ्याच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करते. सुट्या भागांतून घरीच जुळवायची एक छोटी किट कार ती अंगणात बांधत होती. सांगाडा उभा राहिला होता, त्यात चाकं, स्टिअरिंग आणि मोटरसायकलचं इंजिनही बसलं होतं. तेवढ्यात स्कूटरवरून पडून तिचा डावा खांदा मोडला. हाड जुळलं, बोटं शाबूत राहिली, पण हात गिअरच्या दांड्यापर्यंत पोचेना. तिने गाडीवर ताडपत्री टाकली आणि जाता-येता तिकडे बघणंही सोडलं.

तिचे वडील हरिदास रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतले निवृत्त फिटर. त्यांना ती ताडपत्री बघवेना. गिअर पोरीच्या बोटांपाशी आणायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आधी त्यांनी ॲल्युमिनियमची पॅडलं केली. ती ओढताच वाकली. मग भंगारातून पोलादी पत्रा आणून त्यांनी आम्हा दोघींना करवतीने कापलं, कानशीने कडा घासल्या, दाराच्या बिजागऱ्या लावल्या, मोटरसायकलच्या क्लचच्या वायरींनी आम्हाला गिअरशी जोडलं. पंधरा दिवस मला चैन नव्हतं. आज जोडायचे, उद्या सोडवायचे, परवा नवं भोक.

एकदा रुचिता दारात येऊन म्हणाली, "बाबा, काहून करून राहिले हे? मले नाही चालवायची गाडी."

"नको चालवू," हरिदास मान वर न करता म्हणाले. "मले बनवू तर दे."

हरिदासांचे मित्र शामराव यांची अभनपूरजवळ शेती आहे. धान कापल्यावर गाडी टेम्पोतून तिथल्या मोकळ्या वावरात नेली. एवढी खटपट केलीच आहे तर एक चक्कर मारते, म्हणून रुचिता बसली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. तिचा चेहरा उजळत होता. वळणावर तिने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. मी स्टिअरिंगलाच जोडलेली, त्यामुळे मीही फिरले आणि माझी वायर ताणली गेली. कुणी न ओढता गिअर उतरला. चाकं अडखळली, गाडी घसरत बांधावर चढली. रुचिता खांदा धरून बसून राहिली. लागलं मात्र नव्हतं.

हरिदासांनी घरी येताच आम्हाला काढून डब्यात टाकलं. माझ्याच हातानं पोरीले मारलं असतं, एवढंच ते शामरावांना म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी हत्याराला हात लावला नाही.

मित्रांनो, डब्यातला तो महिना मी विसरू शकत नाही. चूक माझी होती का? असेल तर कोणती? कुणी सांगेना. झाकण वाजलं की मी दचकायची. हरिदास अंगणात वर्तमानपत्र घेऊन बसायचे, पान उलटल्याचा आवाज यायचा नाही.

एका रविवारी रुचिताने झाकण काढलं. यंत्र बंद पडलं की कारण सापडेपर्यंत तिला करमत नाही. तिने मला जागेवर धरलं आणि स्टिअरिंग हळूहळू फिरवलं. पुन्हा, पुन्हा. मग वडिलांना हाक मारली.

"बाबा, चूक पट्टीची नाही. ही स्टिअरिंगसंगं फिरते, म्हणून वायर ताणते. हिले स्टिअरिंगच्या मागच्या नळीवर बसवू, ती नळी फिरत नाही."

हरिदास जागचे हलले नाहीत. आता आपल्याच्यानं होणार नाही, म्हणाले.

तेव्हा तिनेच सुरुवात केली. मला वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं, नवी भोकं पाडली. दर पाच मिनिटांनी हात दुखायचा. ती बसायची, खांदा चोळायची, उठायची. तिसऱ्या दिवशी हरिदास उठून आले आणि नळीचं दुसरं टोक धरून उभे राहिले.

पुन्हा तेच वावर, तेच वळण. मी भीतीने ताठ झाले होते. स्टिअरिंग पूर्ण फिरलं. मी जागची हलले नाही. मग तिच्या डाव्या हाताचं बोट माझ्यावर टेकलं आणि तिने मला स्वतः ओढलं. गिअर अलगद उतरला. गाडी वळणातून सरळ बाहेर आली. तिसऱ्या चकरेनंतर तिने बांधापाशी गाडी थांबवली आणि बाजूच्या सीटवरची माती हाताने झटकली.

"बसा, बाबा," ती म्हणाली.

आता माझ्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. वायरीचा एखादा धागा तुटेल, ही धास्ती मला अजून असते. म्हणून चालवण्याआधी रुचिता दर वेळी वायर तपासते, तेल सोडते, नट आवळते. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी हाताने केलेली एखादी वस्तू असेल. ती चुकली तर लगेच डब्यात टाकू नका, का चुकली ते शोधा. आणि ज्याने ती केली, त्यालाही जवळ बोलवा. तो तिथेच कुठेतरी, जुनं वर्तमानपत्र हातात धरून, तुमच्या हाकेसाठी कान देऊन बसलेला असतो.