मोरचुदाची दोन पोती

दरवर्षी ऊन तापलं की आमच्या तलावावर हिरवी साय धरते आणि अख्खं गाव माझ्या नावाने खडे फोडायला लागतं. नळाला कुबट वास येतो, त्याला मी काय करणार? मी साधा पंपवाला. सव्वीस वर्षं पंप चालू करतोय आणि बंद करतोय.

यंदा पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नवीन बाई आली. आल्या आल्या बजावलं, "शेवाळाला हात लावू नका. पाणी खालच्या पाइपातून घ्या. महिन्याभरात ते आपोआप जाईल." महिना! शिव्या तिला थोड्याच पडत होत्या. त्यातच ताईने कुरकुर केली, "पंप्या, तुझ्या पाण्याला वास मारतोय रे."

ताई माझी थोरली बहीण. आईच्या माघारी तिनेच मला वाढवलं. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ज्या पाण्यावर तिचं रक्त साफ होतं, ते मी पाठवतो. तिच्यासाठी एवढंही करू नये?

सोमवारी बाई रजेवर गेली. मी होडी काढली आणि शेवाळ मारायला निळ्या मोरचुदाची दोन पोती तलावात रिकामी केली. जुन्या साहेबांच्या काळात आम्ही असंच करायचो. बुधवारी सकाळी पाणी निवळशंख. काठावर उभा राहून मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पावणेअकराला बाई आली. खूश होईल असं वाटलं, तर ती पांढरीफटक पडली.

"काय टाकलंत?"

"मोरचूद. बघा की, कसं..."

"अहो, या शेवाळाच्या पोटात विष असतं! शेवाळ जिवंत असतं तोवर विष बरंचसं आत राहतं आणि शेवाळासकट आपल्या फिल्टरच्या वाळूत अडकतं. तुम्ही ते मारलंत. आता विष पाण्यात उतरलंय. ते दिसत नाही, वाळूत अडकत नाही, उकळून जात नाही."

"मग पिऊ नका म्हणून सांगू."

"ते सांगूच. पण डायलिसिसला पाणी कुठलं जातं?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "त्यांचा वेगळा फिल्टर असतो," मी कसंबसं म्हणालो.

"नवा असेल तर अडवेल."

नवा नव्हता. फिल्टर बदलायचं कधीचं उद्या-उद्या चाललंय, हे ताईनेच सांगितलं होतं. आणि बुधवारी दहाला ती मशीनवर जाते.

मी मुख्य व्हॉल्व्हकडे धावलो. चाक अर्धं फिरवलं आणि आठवलं, हॉस्पिटलच्या गच्चीवर भली मोठी टाकी आहे. तिच्यात कालच भरलेलं पाणी दिवसभर पुरेल, व्हॉल्व्ह बंद करून उपयोग नाही. बाई आतून हॉस्पिटलला फोन लावत होती. कुणी उचलत नव्हतं. चाक तसंच सोडून मी ताईला फोन लावला.

"बोल पंप्या! आज पाणी कसं आरशासारखं आलंय."

"ताई, मशीन बंद करायला सांग. आत्ताच्या आत्ता."

ती हसली. हसणारच. तीन वर्षं दर खेपेला मी फोन करून हेच म्हणतो, मशीन बंद कर, पाणी संपलं. सुया टोचल्यावर तिला जरा हसू यावं म्हणून.

"आज उशीर केलास रे," ती म्हणाली.

"ताई, आईची शपथ, चेष्टा नाही. पाण्यात विष आहे. मीच केलंय. पाया पडतो तुझ्या, सिस्टरला फोन दे." बोलता बोलता मला रडू फुटलं. मोठा झाल्यापासून मी तिच्यासमोर कधी रडलो नव्हतो.

पलीकडचं हसणं थांबलं.

"सिस्टर! सगळी मशीनं बंद करा! अहो, माझा भाऊ पंपावर आहे, तो खोटं सांगणार नाही!"

कुणाची तरी पावलं धावत आली. शेजारच्या खाटेवर कुणीतरी ओकत होतं. ताई पुन्हा फोनवर आली, अगदी हळू आवाजात.

"रडू नकोस रे. मघापासून माझं डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. पण पाण्याला नावं ठेवली की तू मनाला लावून घेतोस. म्हणून नाही बोलले."