अर्धे गठ्ठे

धाकट्या जावेला मी सांगून टाकलं होतं, वर्षअखेरीला लॉन्ड्रीचं काम सोडते. कारण दिलं कंबरेचं. कंबर माझी ठणठणीत आहे. पण मशीनमधला ओल्या चादरींचा गठ्ठा उचलला की माझी लघवी सुटते. शिंकले तरी सुटते, हसले तरी सुटते. हे काय जावेला सांगायचं? ही लॉन्ड्री आम्ही दोघींनी उभी केली, नवरे नुसते पाटीवर नावाला.

त्यात धाकटीचा मला रागच आला होता. हॉटेलच्या चादरी असल्या की ती माझ्या बाजूला अर्धे गठ्ठे लावायची आणि पूर्ण गठ्ठे स्वतः उचलायची. म्हणजे मी काय म्हातारी झाले? तोंडाने ताई-ताई करायचं आणि हातातलं काम काढून घ्यायचं. मनात म्हटलं, घे बाई सगळं, तुलाच लखलाभ.

पण काम सुटणार या विचाराने घास गोड लागेना. घरी बसून काय भिंतींशी भांडू? शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, माझा जावई सुतार आहे एवढंच नशीब.

बाईंनी लघवी तपासली, जंतू नाहीत, साखरही नाही. पाणी किती पिता, विचारलं. म्हटलं, कामावर पितच नाही, आत गेलंच नाही तर बाहेर काय येणार? त्या म्हणाल्या, तसं केलं तर लघवी घट्ट होते आणि पिशवी जास्तच चिडते. बाळंतपणांनी आणि वजनं उचलून खालचे स्नायू सैल पडलेत, व्यायामाने बहुतेकींना फरक पडतो, नाही पडला तर पुढचे उपाय आहेत. "वय झालं, चालायचंच," असं मी म्हटलं तर माझ्यावरच डाफरल्या.

व्यायाम काय, तर चारचौघांत वारा सरायला लागला की आपण कसं आवरतो, तसं खालून आत ओढायचं, धरायचं, सोडायचं. मी घरी इमानेइतबारे करत राहिले. फरक शून्य, उलट वाढलंच. मग बाईंनी व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवलं. मी व्यायाम करून दाखवत असताना त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही काही उचलताय का?"

बरोबर होतं त्यांचं. जोर लावायचा म्हटलं की मला एकच रीत येते, लॉन्ड्रीतली. दम कोंडायचा, दात आवळायचे आणि खाली जोर द्यायचा. जे आवळायचं तेच मी रोज बाहेर ढकलत होते. आता आधी खालून आवळायचं, मग श्वास सोडत उचलायचं. धाकटीच्या अर्ध्या गठ्ठ्यांवरच मी ते शिकले, फू फू करत. दोन-तीन महिने जातील म्हणाल्या होत्या, पण काही आठवड्यांतच कपडे कोरडे राहायला लागले.

मग परवा मी तिच्या बाजूचा पूर्ण गठ्ठा उचलला.

"ताई, तो ठेवा," धाकटी म्हणाली.

माझ्या डोक्यात राख गेली. "का? माझ्याच्याने होत नाही वाटतं?"

तिने मशीनचं झाकण लावलं आणि हळूच म्हणाली, "तुमच्या घरचे कपडेही याच मशीनला येतात ना. मला काय दिसत नाही? म्हणून अर्धे बांधत होते. बोलले असते तर लाजून काम सोडलं असतं तुम्ही. आता न बोलताही सोडताच आहात."

मला इतकं भरून आलं की गठ्ठा खाली ठेवायचंही सुचेना. इतके दिवस जिच्या नावाने बोटं मोडली, ती माझी अब्रू झाकत होती. मग सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई, व्यायाम, फू फू. वारा आवरण्यापर्यंत आले तशी ती फिसकन हसली. ती हसली म्हणून मी हसले, गठ्ठा कवटाळूनच, आणि हसताना आवळायचं राहूनच गेलं.

"झालं थोडं," मी म्हटलं.

"होऊ दे," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "धुवायला कुठे लांब जायचंय आपल्याला? आणि वर्षअखेरीचं काय ते सांगा, पाटीवर नवऱ्यांची नावं पुसून आपली घालायची आहेत."